नावाचा रकाना

परदेशी माणसाशी लग्न करून तिकडे राहायला जायचं तर अडेल कुठे, असं मला आधी कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, घरी. आण्णा अबोला धरतील, आत्या रडेल, भावकीत चर्चा होईल. प्रत्यक्षात माथियास दोनदा घरी जेवून गेला आणि तिसऱ्या खेपेला आण्णा त्याला बैल दाखवायला रानात घेऊन गेले. अडलं ते माझ्या जन्मदाखल्यापाशी.

माझा जन्म 1992 चा, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. सरकारी दवाखान्याने नगरपालिकेला कळवलं : मुलगी, वडिलांचं नाव, आईचं नाव, पत्ता. मुलीचं नाव कळवणार कुठून, बारसं व्हायचं होतं ना! बाराव्या दिवशी आत्याने कानात 'ज्योत्स्ना' म्हटलं, घुगऱ्या वाटल्या, आणि हे नगरपालिकेत जाऊन सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शाळेत गुरुजींनी तोंडी सांगितलेलं नाव लिहून घेतलं. दहावीचं सर्टिफिकेट, फिजिओथेरपीची पदवी, पासपोर्ट, सगळं पुढे त्या गुरुजींच्या अक्षरावर उभं राहिलं. 2021 च्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा जन्मदाखल्याची प्रत काढली, तर नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

ही प्रत काढायची वेळ आली ती जर्मनीच्या एका दाखल्यामुळे. आम्ही लग्न पुण्यात करणार होतो, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. नवरा परदेशी असला की त्याच्या देशाकडून 'याला लग्नाला कायद्याने अडचण नाही' असा कागद लागतो. जर्मनीत तो त्याच्या गावचं नोंदणी कार्यालय देतं, ज्याला ते स्टांडेसआम्ट म्हणतात. कागदाचं नाव एवढं लांब आहे की आईने पहिल्याच दिवशी त्याचं 'क्षमतेचा दाखला' करून टाकलं. गंमत अशी, की दाखला माथियासच्या क्षमतेचा, पण तपासणी माझीही. मी कोण, माझं आधी लग्न झालंय का, आणि मी जन्मले याला पुरावा काय. दाखला मिळाला की सहाच महिने चालतो, म्हणजे त्या आत लग्न उरकायचं.

जुन्या नोंदीत नाव घालून मिळतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात ती सोय आहे. मुदत खरं तर 15 वर्षांची, पण महाराष्ट्रात जुन्या नोंदींसाठी ती तेव्हा वाढवून दिलेली होती. शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे आधार, प्रतिज्ञापत्र असं घेऊन मी आणि आण्णा गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझा पासपोर्ट मागून घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "यावर नाव 'ज्योत्स्ना दत्तात्रय' आणि आडनाव 'भोसले' आहे. मी नुसतं 'ज्योत्स्ना' घातलं तर तिकडे म्हणतील या दोन बाया आहेत. आहे तसंच घालू का?" त्या बाईंचे उपकार मला पुढे दीड वर्षाने कळले. माझ्याबरोबर जर्मनीत आलेल्या एकीचं जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नव्हतं आणि पासपोर्टवर होतं. एवढ्यावरून तिला चार महिने पत्रं लिहावी लागली.

इथे एक खर्च मी फुकट केला, तो सांगते. एका एजंटाने सांगितलं, परदेशी कागद द्यायचे म्हणजे आधी अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्या. मी जन्मदाखला, पदवी, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं मुंबईला पाठवून शिक्के मारून आणलं. आणि मग कळलं, भारत 2005 पासून अपोस्टिल करारात असला तरी जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे, त्यामुळे भारतीय कागदावरचं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकरवी कागदाची प्रत्यक्ष शहानिशा करते. म्हणजे माणूस जातो, मूळ रजिस्टर बघतो, चौकशी करतो. खर्च आपला. वेळ किती लागेल ते कुणी सांगत नाही. आमच्या वेळी पाच महिने गेले.

ती चौकशी आमच्या गल्लीत कशी झाली ते मला शिंदेकाकूंकडून कळलं. एक दिवस दुपारी त्यांचा फोन, आवाज अगदी दबका.

"ज्योत्स्ना, अगं एक माणूस येऊन गेला. पँट-शर्ट, हातात फाईल. विचारत होता, भोसल्यांची मुलगी कुठं असते, लग्न झालंय का, आधी कधी झालं होतं का."

"मग काय सांगितलंत काकू?"

"सांगायचं काय! म्हटलं पोरगी लाखात एक. पुण्याला नोकरी, पगार चांगला, स्वयंपाक येतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हटलं मुलाचं काय ते सांगा आधी, शेती किती? तर हसला नुसता आणि लिहून घेऊन गेला. चांगलं स्थळ दिसतंय, आईला म्हणावं नाही म्हणू नका."

काकूंना खरं काय ते मी सांगितलं, पण त्यांचा फारसा विश्वास बसला नाही. आजही त्या म्हणतात, ज्योत्स्नाचं लग्न माझ्या शब्दावर झालं. एका अर्थी खरंच आहे ते.

दाखला आला ऑगस्ट 2022 ला. आता घड्याळ सुरू. विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. तो भाग माझ्या भाडेकराराने सुटला. मग नोटीस, ती 30 दिवस बोर्डावर, हरकत आली नाही तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. माथियास नोटिशीवर सही करायला आठवडाभर आला आणि परत गेला. त्या आठवड्यात आम्ही रोज त्या कार्यालयात जाऊन बोर्डावर आपला फोटो बघायचो. शेजारी आणखी वीसेक जोडपी, सगळ्यांचे फोटो पासपोर्टवरचे, सगळ्यांचे चेहरे गुन्हा केल्यासारखे. डिसेंबरात तीन साक्षीदार, दोन हार, एक सही. संध्याकाळी गावी जाऊन आईच्या समाधानासाठी अक्षताही पडल्या. माथियासने मंगलाष्टकांत 'सावधान' एवढा शब्द पकडला, आणि हे लग्नात का म्हणतात ते मला अजून विचारतो.

मधल्या काळात मी जर्मन शिकत होते. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाच्या आधी साधारण ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा पास व्हावी लागते. पुण्यात ती मॅक्सम्युलर भवनात होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, शंभरात साठ मिळाले की पास. वाचायला-लिहायला अवघड नाही. बोलण्याच्या भागात मात्र ओळख करून दिल्यावर परीक्षक हमखास म्हणतात, नावाचं स्पेलिंग सांगा. माझं नाव जे ने सुरू होतं, त्याला ते 'योट' म्हणतात. पुढे वाय, त्याला 'इप्सिलॉन'. मी 'योट, इप्सिलॉन, ओ, टे, एस, एन, आ' इतकं घोकलं होतं की झोपेतही म्हणायचे. परीक्षकबाईंनी लिहून घेतलं आणि वाचलं : "योत्स्ना." त्या दिवसापासून मी तिकडच्यांसाठी योत्स्ना आहे. आडनावाचं ते 'बोझाले' करतात. सुरुवातीला दुरुस्त करायचे. आता दवाखान्याच्या बाकावर 'फ्राउ बोझाले' ऐकू आलं की आपोआप उठते.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत अर्ज, लग्नाच्या दाखल्याचं जर्मन भाषांतर, ए-वनचं प्रमाणपत्र, माथियासच्या पासपोर्टची आणि घराच्या कराराची प्रत. अर्ज तिकडच्या शहराच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे मताला जातो, म्हणून वेळ लागतो. मे अखेरीला पासपोर्ट हातात. स्टिकरवर एक ओळ होती : एर्वेर्ब्सटेटिषकाइट एरलाउप्ट. नोकरी-धंदा करण्यास परवानगी. म्हणजे लोक ज्या परवानगीसाठी वर्षानुवर्षं झगडतात, ती मला विमानात बसायच्या आधीच मिळाली होती. जर्मन नागरिकाशी लग्न केलं की काम करायचा हक्क त्या परवान्याबरोबरच येतो, वेगळा अर्ज नाही. त्या ओळीवर मी फारच विसंबले.

जूनमध्ये हेसन राज्यातल्या एका मध्यम शहरात आले. पहिलं काम पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात जायचं, घरमालकाचं पत्र दाखवायचं, वीस मिनिटांत काम होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, आता टॅक्सचा नंबर आपोआप पोस्टाने येईल, दोन-तीन आठवड्यांत. अकरा आकडी असतो, जन्मभर एकच.

तीन आठवडे झाले, चार झाले. एका पुनर्वसन केंद्रात मदतनीसाची जागा तोंडी ठरली होती. त्यांना टॅक्स नंबर हवा होता, आरोग्य विमा कंपनीचं पत्र हवं होतं. दोन्ही येईना. माथियास रोज खाली जाऊन पत्रपेटी बघायचा आणि जाहिराती घेऊन वर यायचा. पाचव्या आठवड्यात विमा कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले, आम्ही दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. शेरा : या पत्त्यावर ही व्यक्ती आढळली नाही.

मी त्या पत्त्यावर स्वयंपाकघरात उभी होते.

तेव्हा माथियासच्या लक्षात आलं. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरच्या आडनावाकडे बघून पत्र टाकतो, आणि आमच्या पेटीवर फक्त त्याचं आडनाव होतं. मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं. सरकारदरबारी माझी नोंद झाली होती, व्हिसा होता, लग्न दोन देशांत मान्य होतं. पण पोस्टमनच्या लेखी मी अस्तित्वातच नव्हते. माथियास ओशाळला. त्याच संध्याकाळी लेबलवर माझं आडनाव छापून त्याने पेटीवर आणि बेलवर चिकटवलं. बी-एच-ओ-एस-ए-एल-ई. चार दिवसांत पत्रांचा पाऊस. आणि सगळ्या पत्रांवर मायना : फ्राउ ज्योत्स्ना दत्तात्रय भोसले. माझं पहिलं नाव म्हणून जे पासपोर्टवर आहे ते सगळं त्यांच्या दृष्टीने माझंच नाव. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं, मी बी आलो की जर्मनीला."

आता राहण्याचा परवाना. व्हिसा 90 दिवसांचा होता, त्याच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून कार्ड करून घ्यायचं असतं. आम्ही पहिल्याच आठवड्यात वेळ मागितली. मिळाली ती व्हिसा संपून सहा आठवड्यांनंतरची. पण अर्ज मुदतीच्या आत पोचला असेल तर घाबरायचं कारण नाही. मधल्या काळासाठी ते एक घडीचा कागद देतात, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. फिक्शन म्हणजे कल्पित. कायद्याने असं कल्पून चालायचं की तुमचा आधीचा परवाना चालूच आहे. त्या कागदावर कलमांच्या चौकटी असतात आणि कोणत्या चौकटीत फुली आहे ते बघायचं. माझी त्यांच्या परदेशी नागरिकांच्या कायद्यातल्या 81 कलमाच्या चौथ्या परिच्छेदावर होती, म्हणजे काम चालू ठेवता येतं आणि भारतात जाऊन परतही येता येतं. तिसऱ्या परिच्छेदावर फुली असली तर देशाबाहेर पाऊल टाकू नये, तो कागद परत आत यायला चालत नाही. आमच्या कोर्समधल्या एका मुलीला हे विमानतळावर कळलं.

भेटीच्या दिवशी दोन बोटांचे ठसे, फोटो, शंभर युरो, सह्या. तिथल्या माणसाने माथियासला विचारलं, "एकत्रच राहता ना?" आणि आमच्या दोघांच्या चपला एका दारात असतात का असा चेहरा करून बघितलं. सहा आठवड्यांनी कार्ड आलं. तीन वर्षांचं. त्यावरही तीच ओळ, काम करण्यास परवानगी. ते घेताना त्याने शांतपणे एक गोष्ट सांगितली : एकत्र संसाराला तीन वर्षं पुरी होईपर्यंत हा परवाना लग्नावर टिकून आहे, त्याआधी वेगळे झालात तर, काही अपवाद सोडले, तर हक्क राहत नाही.

हे मी आईला सांगायला नको होतं. तिचा त्यानंतर दर रविवारी पहिला प्रश्न, "भांडला नाहीत ना?" मी म्हणायचे नाही. भांडलेलो असायचो. भांडणात कधीकधी मध्येच ते कार्ड आठवायचं आणि मी गप्प बसायचे, आणि माथियासला कळायचं मी का गप्प बसले, मग तो जास्त चिडायचा. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते. दोन माणसांत बरोबरीचं नातं असलं तरी एकाचा घरात राहायचा हक्क दुसऱ्यामुळे आहे, हे तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसलेलं असतं. आमचं निभलं. सगळ्यांचं निभत नाही, आणि ज्यांचं निभत नाही त्यांनी एकदम सामान बांधण्याआधी वकिलाला विचारावं, कारण छळ होत असेल तर कायद्यात सोय आहे.

नोकरीचं उरलंच. 'काम करण्यास परवानगी' वाचून मला वाटलं होतं फिजिओथेरपिस्ट म्हणून उभी राहीन. पण जर्मनीत ते नाव लावायलाच वेगळा परवाना लागतो. त्याशिवाय स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवलं तर दंड होऊ शकतो. तिथे हे शिक्षण विद्यापीठाबाहेरही मिळतं, तीन वर्षांचं. माझी साडेचार वर्षांची पदवी, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, वर पाच वर्षांचा अनुभव. तरी पदवी, प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, इंटर्नशिपचे तास, अभ्यासक्रमाची पानंच्या पानं, सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, आणि ए-वनच्या बरीच वरची, बी-टू पातळीची जर्मन. तोवर मी पुनर्वसन केंद्रात मदतनीस. पेशंटला टेबलावर चढवायचं, चादरी बदलायच्या, गरम पॅक आणून द्यायचे. समोर कुणी चुकीच्या बाजूने खांदा वर उचलताना दिसला की हात शिवशिवायचे. एक म्हातारे गृहस्थ होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, मी उशी कशी लावते ते बघून म्हणाले, "योत्स्ना, तुम्ही हे आधी केलंय." मी म्हटलं, "हो, पण इथे अजून केलेलं नाही."

2024 च्या वसंतात निर्णय आला. बहुतेक विषय समान; कमी पडले ते मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज (हाताने सूज उतरवायचा उपचार), मालिश आणि पाण्याचे उपचार. दोन वाटा : परीक्षा द्या, नाहीतर पूरक प्रशिक्षण घ्या. मी प्रशिक्षण घेतलं, कारण मला हाताने शिकायचं होतं. लिम्फ ड्रेनेज आपल्याकडे मी कधीच केलं नव्हतं. कातडी ओढायची, दाबायची नाही, आणि इतक्या हळू की पहिल्या आठवड्यात शिक्षिका माझ्या हातावर हात ठेवून म्हणायची, आणखी हळू. पुण्यात दिवसाला पंचवीस पेशंट बघायची सवय. हळू करणंच कठीण गेलं.

परवाना मिळाला 2025 मध्ये. त्यावर ठसठशीत : ज्योत्स्ना दत्तात्रय भोसले. नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी माझा बिल्ला तयार होता. संगणकाने नावातला दुसरा शब्द उचलला होता, बिल्ल्यावर 'डी. भोसले'. तीन आठवडे मी आण्णांच्या नावाने लोकांचे खांदे सैल केले, मग बदलून घेतला. तो पहिला बिल्ला आण्णांनी मागून घेतला. दूरदर्शनच्या वर कोनाड्यात ठेवलाय म्हणे.

सध्या मला सातवा महिना आहे. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलने नोंदणीचा फॉर्म दिला आणि सोबत यादी, बाळाच्या जन्मदाखल्यासाठी काय काय लागेल त्याची. पहिल्या ओळीत : आईचा जन्मदाखला, भाषांतरासह. ती फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, मी ती खाली काढली. फॉर्मच्या वरच बाळाच्या नावाचा रकाना होता. माथियास पेन घेऊन बसला होता, त्याची यादी तयार आहे.

आईला फोन लावला. ती म्हणाली, "आत्ताच कुणाला नाव सांगायचं नाही हं. बाराव्या दिवशी आत्या येईल फोनवर, ती कानात सांगेल, मगच लिहा."

बाळ झाल्यावर नाव कळवायला एक महिन्याची मुदत असते, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. माथियासच्या हातातलं पेन काढून घेतलं.